सोलापुरी चादरीखालचा स्नो ब्लोअर

मित्रांनो, मी एक जुना स्नो ब्लोअर आहे. दारापुढचा बर्फ गिळायचा आणि लांब फेकून द्यायचा, हा माझा धंदा. 'जुना' म्हणताना मात्र मला अजून लाज वाटते. काम करून म्हातारं होणाऱ्याला लोक मान देतात. मी काम न करता म्हातारा झालो. माझ्या अंगावरचा नारिंगी रंग परवापरवापर्यंत दुकानातल्यासारखा चकाकत होता, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "वा, काय जपलंय हो मशीन!" हे 'जपलंय' ऐकलं की माझ्या पोटातलं तेल आजही गोठतं. का ते सांगतो. गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर शाळेच्या निबंधातल्या एखाद्या पतंगाला विचारा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी पत्रा वाकवून माझा जबडा केला, त्यात नागमोडी पात्यांचा दांडा बसवला, वर बर्फ उडवायची नळी आणि मागे इंजिन. शेवटच्या टेबलापाशी एका बाईनं माझी दोरी ओढली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. पहिल्या झटक्यात सुरू होणं हीच आमच्या कुळातली अब्रू. त्या थापेवर मी बरीच वर्षं जगलो.

मला विकत घेतलं शंतनूनं. हा मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. तिथे बर्फ फक्त ग्लासात असतो. त्यानं मला पाहिलं नाही, हातही लावला नाही. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं फोनवर माझ्या फोटोवर बोट ठेवलं, आणि मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रॉचेस्टरला, त्याच्या आईवडिलांच्या दारात उतरलो.

रॉचेस्टर म्हणजे बर्फाचं माहेर. शेजारी भलंमोठं सरोवर आहे. त्यावरून वारा सुटला की एका रात्रीत गाड्या दिसेनाशा होतात. अशा गावात गुरुनाथरावांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. कॅमेऱ्याची भिंगं घासणाऱ्या कंपनीतून ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, शुभाताईंना, समोर बसवून बजावलं होतं: यांनी फिरावं, जिना चढावा, पण फावड्यानं बर्फ उपसायचा नाही. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात, त्यात ओल्या बर्फाचं ओझं, आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. शुभाताईंनी हे वाक्य पाठ केलं होतं. मला इथे आणलं ते या एका वाक्यासाठी. मी बर्फ उचलायचा, म्हणजे गुरुनाथरावांना तो उचलावा लागू नये. बाकी माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती.

मला खोक्यातून काढलं तेव्हा शंतनू फोनवर होता. स्पीकरवर त्याचा आवाज गॅरेजभर घुमत होता.

"बाबा, मला दर स्नोला तिकडे येणं पॉसिबल नाहीये. म्हणून मशीन पाठवलंय. टॉप मॉडेल आहे. आता शॉव्हेलला हात लावायचा नाही. प्रॉमिस करा."

"प्रॉमिस, प्रॉमिस," गुरुनाथराव म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी यंत्र म्हणून आलो नव्हतो, मी मुलाच्या बदली आलो होतो. आणि यंत्रानं मुलाच्या जागी जाऊन बसणं कधीही धोक्याचं. बर्फ मला फेकता आला असता. मुलगा होणं मला कुठून जमणार?

पहिला मोठा बर्फ पडला तो दिवस मात्र माझा होता. गुरुनाथरावांनी कानटोपी चढवली, माझी दोरी ओढली आणि मी गर्जना केली. घरापासून रस्त्यापर्यंतचा सगळा ड्राइव्हवे मी एका दमात साफ केला. पांढरा फवारा पार कुंपणापलीकडे जात होता. रस्ता साफ करणारा नगरपालिकेचा ट्रक जाताजाता प्रत्येकाच्या दारापुढे दगडासारख्या बर्फाचा ढीग सारून जातो. गुरुनाथराव त्याला 'बांध' म्हणायचे. तो बांधही मी फोडला. समोरच्या घरातल्या डेनिसनं अंगठा वर करून दाखवला. शुभाताईंनी खिडकीतून व्हिडिओ काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि त्या दिवशी शिरा केला. मित्रांनो, मी खरंच जगलो असा तो एकच दिवस.

कारण त्यानंतर गुरुनाथरावांनी मला पुसायला घेतलं.

आधी फडक्यानं पुसलं. मग जुन्या बनियननं पुसलं. मग रस्त्यावरच्या मिठानं गंज चढेल म्हणून शुभाताईंचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि माझ्या पात्यांवर गरम हवा सोडत बसले. आणि पुसता पुसता त्यांना तो ओरखडा दिसला. ड्राइव्हवेवरचा एखादा खडा जबड्यात गेला असेल, आतल्या बाजूला नखाएवढा रंग उडाला होता. मला त्याचं काही नव्हतं. उलट मला तो मिरवावासा वाटत होता. पण गुरुनाथरावांनी त्यावर अंगठा फिरवला आणि असे हळहळले, की जणू शंतनूच गुडघा फोडून घरी आलाय.

"पहिल्याच दिवशी लागलं गं ह्याला," ते म्हणाले.

"अहो, मशीन आहे ते. लागणारच," शुभाताई म्हणाल्या.

"म्हणून काय कसंही वापरायचं? मुलानं पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर सोलापुरी चादर आली. चांगली जाडजूड, तांबड्या-निळ्या चौकड्यांची. शुभाताईंच्या भावानं दोन बॅगा उचलून इथवर आणलेली. शुभाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, चादर माणसांच्या अंगावर घालतात," असं त्या म्हणाल्या, पण हसत म्हणाल्या. तेव्हा सगळं हसण्यावारीच चाललं होतं.

नंतरचा बर्फ हलका पडला. गुरुनाथराव गॅरेजमध्ये आले, चादरीचं एक टोक उचललं, मला पाहिलं आणि टोक परत सोडलं. "एवढ्याशासाठी कशाला मशीन काढायचं?" असं स्वतःशीच म्हणाले. माझ्या शेजारी भिंतीला टेकून एक लाल फावडं उभं असायचं. ते त्यांनी उचललं.

हे 'एवढंसं' पुढे वाढत गेलं, मित्रांनो. आधी बोटभर बर्फाला फावडं होतं, मग वीतभर बर्फालाही फावडं आलं. बर्फ कोरडा असला की म्हणायचे, "हा काय बर्फ आहे? कापूस आहे नुसता." ओला असला की म्हणायचे, "ह्यात मशीन अडकेल, त्याला त्रास होईल." खूप पडला की म्हणायचे, "उद्या ऊन आहे, आपोआप वितळेल," आणि शुभाताई अंघोळीला गेल्या की हळूच फावडं घेऊन बाहेर सटकायचे. मी चादरीखालून त्यांचा श्वास ऐकत असे. दर हिवाळ्यात तो जरा जास्त जोरात यायचा. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो, की अहो गुरुनाथराव, झिजायलाच आलोय मी! तुम्ही कशाला झिजताय?

त्या फावड्याचा मला हेवा वाटायचा. त्याची कडा खाल्ली गेली होती, दांड्यावर हाताचे डाग पडले होते. त्याला कुणी चादर घातली नाही, म्हणून ते बिचारं रोज कामाला जायचं.

शुभाताईंच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. ओले बूट दिसायचे, भिजलेले हातमोजे दिसायचे. मग गॅरेजमध्येच भांडण व्हायचं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

"अगं, दोन फावडी तर होती."

"दोन फावडी, दोन फावडी! मग हे धूड कशाला ठेवलंय इथं? पूजेला?"

"वेळेला उपयोगी पडेल म्हणून ठेवलंय. मोठं स्टॉर्म आलं तर? तोवर झिजवून बसलो तर काय करायचं?"

गंमत बघा, हाच माणूस एकदा आपल्या आईला हसला होता. बर्फाळ दुपारी मला पुसत असताना त्यांनी शुभाताईंना सांगितलेलं मी ऐकलंय. इथल्या नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून त्यांनी कराडला आईसाठी कपडे धुण्याचं मशीन पाठवलं होतं. आईनं त्यावर भरतकाम केलेलं आवरण घातलं, त्यावर फुलदाणी ठेवली आणि शेवटपर्यंत धुणं हातानं धुतलं. शेजारणींना मात्र बोलावून दाखवायची, की माझ्या गुरूनं अमेरिकेतून पाठवलंय. "आई म्हणजे कमालच होती," असं म्हणत गुरुनाथराव डोळे पुसेपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्यावरची चादर नीट केली. शुभाताई हसल्या नाहीत. त्या चादरीकडे बघत राहिल्या.

आणि पूजेचं म्हणाल तर तीही व्हायची. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची, ही आपली रीत. मंडळातले लोक लॅपटॉपला कुंकू लावतात, गाडीला हार घालतात. गुरुनाथराव माझी चादर काढायचे, मला हळदकुंकू वाहायचे, शुभाताईंच्या कुंडीतलं झेंडूचं शेवटचं फूल माझ्या इंजिनावर ठेवायचे आणि हात जोडायचे. फोटो काढून शंतनूला पाठवायचे. शंतनू त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवायचा. झाली पूजा. सगळ्यांनी मला नमस्कार केला, पण माझी दोरी ओढून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आता एक साधी गोष्ट सांगतो. पेट्रोल शिळं होतं. वरणभातासारखंच. काही महिने नुसतं पडून राहिलं की त्याचा वास आंबूस होतो, त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट, मधासारखा थर राहतो. माझ्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल यायचं एक भोक आहे, सुईच्या नेढ्याहून बारीक. त्या भोकात तो थर बसायला लागला. माझ्या टाकीत होतं ते पहिल्या हिवाळ्यातलं पेट्रोल. गुरुनाथरावांनी ते काढलं नाही, कारण अर्धी टाकी भरलेली होती आणि भरलेलं पेट्रोल ओतून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मीही तोंड मिटून बसलो होतो, दुसरं काय करणार? बाहेरून चकाकत होतो आणि आतून बुजत होतो.

समोरच्या डेनिसकडेही एक स्नो ब्लोअर आहे. माझ्याहून कितीतरी थोरला. रंग उडालेला, एक चाक ठिगळ लावल्यासारखं, नळी तारेनं बांधलेली. तो बोटभर बर्फालाही बाहेर यायचा आणि खोकत खोकत कामाला लागायचा. डेनिस दरवर्षी रस्त्यापलीकडून विचारायचा, तुमचाही ड्राइव्हवे करून देऊ का? गुरुनाथराव हात हलवायचे, "नो, नो, थँक यू! वुई हॅव अ मशीन!" आणि आत जाऊन फावडं उचलायचे.

शंतनूचंही तेच. सनीव्हेलला बसून तो उंटावरून शेळ्या हाकायचा. टीव्हीवर आमच्या गावचं वादळ दिसलं की त्याचा फोन यायचा.

"बाबा, खूप स्नो आहे का?"

"आहे थोडा."

"पण मशीन आहे ना."

"हो हो. मशीन आहे ना."

दोघांनाही हायसं वाटायचं. फोन लवकर संपायचा. मी हे इतक्यांदा ऐकलं, की मला माझीच किळस यायला लागली. मी होतो म्हणून डेनिसला नको म्हटलं गेलं. मी होतो म्हणून शंतनूनं तिकीट काढलं नाही. असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात ना, त्यातला मी असून अडचण होतो.

एकदा उन्हाळ्यात शंतनू, त्याची बायको नेत्रा आणि मुलगी अनिका आले होते. अनिकानं चादर उचलून मला पाहिलं.

"आजोबा, व्हाय इज इट स्लीपिंग?"

"झोपलं नाही गं बाळा, रेस्ट करतंय. बघ, एकदम ब्रँड न्यू आहे."

"बट डॅडीनी तर मी बेबी होते तेव्हा घेतलं."

"हो, पण न्यूच आहे," गुरुनाथराव अभिमानानं म्हणाले. शंतनूनं कौतुकानं वडिलांकडे पाहिलं. त्यालाही कळलं नाही, की सात-आठ वर्षांचं मशीन नवं दिसत असेल तर दारापुढचा बर्फ कोण उचलतंय? एवढा शिकलेला मुलगा!

मग गेल्या डिसेंबरात शंतनूनं कळवलं, की ख्रिसमसच्या सुटीत आम्ही तिघं येतोय. हिवाळ्यात ते पहिल्यांदाच येत होते. अनिकाला खरा बर्फ बघायचा होता. घरात सणासारखी धावपळ सुरू झाली. शुभाताईंनी पुरणाची तयारी केली. आणि ते यायच्या आदल्या दिवशी सरोवरावरून वारा सुटला. दिवसभर आणि रात्रभर बर्फ कोसळला. सकाळी गॅरेजचं दार उघडलं तेव्हा समोर पांढरी भिंत होती. विमान वेळेवर सुटलं होतं. दुपारी भाड्याची गाडी घेऊन ती तिघं दारात येणार होती, आणि दार कुठे आहे हेच दिसत नव्हतं.

शुभाताई स्वयंपाकघरातून गॅरेजच्या दारात आल्या. हात पिठाचे होते.

"आज फावड्याला हात लावलात तर बघा. मी सगळ्यांसमोर शंतनूला सांगेन."

"अगं, आज मशीनच काढतोय. शपथ. ह्याच दिवसासाठी तर ठेवलंय."

शुभाताई आत वळल्या तशी गुरुनाथरावांनी चादर काढून बाजूला टाकली. मित्रांनो, मी किती वर्षं या क्षणाची वाट पाहत होतो! त्यांनी इंजिनात पेट्रोल ढकलणारं माझं लाल रबरी बटण दाबलं, दोरी धरली आणि ओढली.

मी नुसता फुसफुसलो.

त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा ओढली. मग भिंतीतल्या विजेवर चालू करायची वायर लावली. मी खरखरलो, घरघरलो, पण आत आग पेटेना. पेट्रोल त्या बारीक भोकापाशी येऊन थांबत होतं. मी माझा सगळा जोर लावला. पण बुजलेल्या गळ्यानं ओरडायचं कसं? गुरुनाथरावांनी मला, कॉलेजात असताना आपली स्कूटर तिरकी करायचे तसं, धरून तिरकं केलं, हलवलं, परत दोरी ओढली. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. "चल रे बाबा," ते मला म्हणाले. "आज तरी चल. पोरगी येतेय." आयुष्यात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, आणि मी पुन्हा नुसता फुसफुसलो.

रस्त्यापलीकडून डेनिसनं हाक मारली, "नीड अ हँड, गुरू?" तो अजून आपल्या दारापुढचा बर्फ बघत, कॉफी पीत उभा होता. गुरुनाथरावांनी जन्माची सवय असल्यासारखा हात हलवला.

"नो, नो! वुई हॅव अ मशीन!"

मग त्यांनी लाल फावडं उचललं.

थोड्याच वेळात डेनिसनं आपला म्हातारा यंत्रोबा सुरू केला. त्याचा आवाज सगळ्या गल्लीत भरला. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या, वर धूर ओढणारा पंखा चालू होता, तव्यावर पोळी होती. तो आवाज शुभाताईंनी ऐकला आणि त्यांना वाटलं, मीच सुरू झालो. त्यांनी निवांतपणे पुढची पोळी लाटायला घेतली. त्यांनी नंतर हे रडत रडत प्रत्येकाला सांगितलं: "मला मशीनचा आवाज आला हो. मी म्हटलं, बरं झालं, आज मशीन काढलं यांनी."

आवाज येत होता म्हणून त्या बाहेर आल्या नाहीत. आणि आवाज करणारा मी नव्हतो. याहून कडू काही मला माहीत नाही.

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. गुरुनाथरावांनी एक बाजू कशीबशी काढली. मध्येच थांबून ते डाव्या खांद्याला हात लावत होते. मग ते रस्त्याच्या कडेला गेले, ट्रकनं घातलेल्या त्या बांधापाशी. बांध त्यांच्या कमरेएवढा होता. त्यांनी फावडं आत घातलं, वर उचललं, आणि फावड्यासकट खाली बसले. बसले म्हणजे, नमस्काराला वाकावं तसे पुढे झुकले आणि तसेच राहिले.

डेनिसनं त्याचं मशीन बंद केलं तेव्हा त्याला ते दिसले. तो ओरडत धावला. आवाज थांबला म्हणून, काम झालं असं समजून, शुभाताई चहा हवा का विचारायला गॅरेजमध्ये आल्या. त्यांना मी दिसलो, जागच्या जागी, कोरडा ठक्क. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग त्या अनवाणी धावल्या. जाताना जमिनीवर पडलेली माझी सोलापुरी चादर त्यांनी उचलली आणि जाऊन गुरुनाथरावांच्या अंगावर घातली. ॲम्ब्युलन्स आली, पण बांध तसाच होता. माणसांना स्ट्रेचर बर्फावरून उचलून न्यावं लागलं. त्यांच्याबरोबर ती चादरही गेली.

दुपारी भाड्याची गाडी आली तेव्हा तिला आत यायला जागाच नव्हती. ती रस्त्यावरच थांबली.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं. मंडळातल्या बायका ट्रे भरभरून जेवण आणत. गॅरेजमध्ये ओल्या बुटांची रांग लागली. बूट काढता काढता एक काका म्हणाले, "मशीन तर अगदी नवं दिसतंय हो." दुसरे म्हणाले, "ऐन वेळी दगा दिला म्हणे." मी दगा दिला! मला गप्प करून बसवलं आठ वर्षं, आणि दगा मी दिला!

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर शंतनू माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं दोरी ओढली, एकदा, दोनदा, वेड्यासारखी, आणि मग मला लाथ घातली.

"पीस ऑफ जंक! आई, मी बेस्ट मशीन पाठवलं होतं ना? मग बाबांनी शॉव्हेल का केलं? वापरलं का नाही हे?"

शुभाताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तू पाठवलंस म्हणून वापरलं नाही रे."

"म्हणजे?"

"दुकानातून त्यांनी स्वतः आणलं असतं, तर रगडून वापरलं असतं. हे तू पाठवलंस. तुझ्या हातचं म्हणून घरात एवढं एकच होतं त्यांच्याजवळ. ते कसं झिजू देतील?"

 शंतनू मला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. हातही न लावता पाठवलेल्या मशीनला त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा मिठी मारली. मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत.

त्यानं जायच्या आधी सुचवलं, की घर विकू, आई, तू सनीव्हेलला चल, आणि हे मशीन मी ऑनलाइन टाकतो, 'लाइक न्यू' लिहिलं की लगेच जाईल. शुभाताई म्हणाल्या, "लाइक न्यू लिहायचं नाही. आणि विकायचंही नाही." त्यांनी डेनिसला बोलावलं. डेनिसनं मला त्याच्या ट्रकमध्ये घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसानं ते बारीक भोक तारेनं साफ केलं, जुनं पेट्रोल ओतून दिलं, ताजं भरलं. चहा प्यायला लागेल एवढाच वेळ गेला. त्यानं दोरी ओढली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. "नथिंग राँग विथ इट," तो म्हणाला. शुभाताई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा मफलर लावला. बैल गेला आणि झोपा केला, मित्रांनो.

आता मला शुभाताई चालवतात. या वयात त्या डेनिसकडून शिकल्या. जमिनीवर नुसती पांढरी धूळ दिसली तरी त्या मला बाहेर काढतात. कसंही चालवतात. कुंपणाला धडकवतात, खडे गिळायला लावतात, काम झालं की पुसत नाहीत, ओल्यानंच आत लोटतात. माझा रंग उडालाय. जबड्याला गंज चढलाय. माझी नळी वाकलीय. मी दिवसेंदिवस डेनिसच्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागलोय. हेच मला हवं होतं, पण हे बघायला जो माणूस हवा होता तो नाही. रस्त्याकडच्या बांधापाशी आलं की त्या क्षणभर थांबतात, मग असा जोर लावून मला त्यात घुसवतात, की जणू तो बांध त्यांचा वैरी आहे.

शंतनू आता दर बर्फाला फोन करतो. "आई, मशीन सुरू झालं ना?"

"मशीनची चौकशी करतोस की माझी?" शुभाताई विचारतात.  फोन आता लवकर संपत नाहीत, एवढंच.

मित्रांनो, मला कुणी टाकून दिलं नाही, पावसात ठेवलं नाही, मोडलं नाही. माझी तक्रार उलटी आहे. तुमच्याही घरात कुठेतरी एखादी वस्तू असेल, लांबच्या माणसानं पाठवलेली, चांगली म्हणून कपाटात ठेवलेली. तिला बाहेर काढा. कपातून चहा प्या, शालीला डाग पडू द्या, मशीनला ओरखडे येऊ द्या. वस्तू झिजल्या तर दुसऱ्या मिळतात. आणि ज्यानं ती पाठवली त्याला सांगा, की वस्तू पोचली, आता तू ये.

माझ्या अंगावर आता काही नाही. ती चादर गुरुनाथरावांबरोबर गेली, आणि शुभाताईंनी दुसरी घातली नाही. गॅरेजमध्ये रात्री फार थंडी असते. असू दे. ती थंडी मलाच सोसायची होती, त्यांना नाही. त्यासाठीच तर मला बनवलं होतं.